तेल किती खार पिते?

माणसाने आयुष्यात केलेल्या चुका दोन प्रकारच्या असतात. काही चारचौघांत सांगता येतात, काही येत नाहीत. बँकेत मी तीसेक वर्षे काढली, चुका पुष्कळ केल्या, त्यांतल्या बहुतेक ऑडिटने पकडल्या आणि मी दुरुस्त केल्या. एक चूक मात्र कुठल्याच ऑडिटला सापडली नाही. ती किनवटची आहे, साबणाची आहे, आणि आज इतक्या वर्षांनी ती सांगायला हरकत नाही असे वाटते.

१९८८ च्या पावसाळ्यात माझी किनवटला बदली झाली. तिशीही ओलांडलेली नव्हती. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी मीटरगेजची छोटी गाडी होती. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड अशी स्टेशने घेत ती रमतगमत जाई. सहस्रकुंड सोडले की दोन्ही बाजूंना सागाचे जंगल सुरू होई आणि डब्यातली भाषाही बदले. मराठीत तेलुगू मिसळे, मध्येच गोंडी, मध्येच बंजाऱ्यांची गोरमाटी. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. नकाशे बदलले, तरी बाजाराच्या दिवशी रस्त्यावरून येणारी माणसे तीच राहिली. डोक्यावर मोळी, टोपलीत डिंक, चारोळी, आणि हंगामात मोह.

मोहाचे झाड ज्यांनी पाहिले नाही, त्यांना त्याच्या फुलांच्या दारूपलीकडे सहसा काही ठाऊक नसते. फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात. त्यानंतर फळे धरतात आणि पावसाच्या तोंडावर त्यातली बी तयार होते. त्या बीला तिकडे टोळी म्हणतात. टोळी फोडायची, आतला गर वाळवायचा आणि घाण्यावर नेऊन तेल काढायचे. हे तेल आदिवासी घरांत खाण्यात असते, दिव्यात असते, अंगाला लावण्यातही असते. थंडीत सकाळी ते तुपासारखे थिजते आणि उन्हात ठेवले की पुन्हा पातळ होते. जास्तीची टोळी व्यापारी मापाने घेऊन जात. पुढे ती मोठ्या गिरण्यांत जाई आणि शेवटी शहरातल्या साबणात उतरे.

आठ जणी आणि एक प्रकल्प अहवाल

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे होते. शाखेला उद्दिष्ट दिलेले असे. अमुक इतकी कर्जे, त्यात अमुक इतकी अनुसूचित जमातींना, अमुक इतकी महिलांना. आदिवासी लाभार्थीला निम्मी रक्कम अनुदान. म्हशी, शेळ्या आणि शिलाई मशिने देऊन आम्ही कंटाळलो होतो. म्हशी तर कागदावर जेवढ्या मरत तेवढ्या कुठल्याही साथीत मेल्या नसतील. अशात एका गावच्या आठ बाया साबणाचा विचार घेऊन आल्या, तेव्हा मला हुरूप आला. टोळी त्यांच्या झाडाखालची, तेल त्यांच्या घाण्यावरचे. ते व्यापाऱ्याला देण्याऐवजी साबण करून बाजारात बसायचे. कर्जे आठ जणींची वेगवेगळी, काम मात्र एकत्र.

दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. तिथे साबण करून दाखवला तो खोबरेल तेलाचा. तेल कोमट करायचे, कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून थंड करायचा, दोन्ही एकत्र करून घोटायचे, साच्यात ओतायचे. प्रमाणाचा एक चक्रमुद्रित कागद मिळाला होता. मी प्रकल्प अहवाल लिहायला बसलो तेव्हा तो कागद समोर होता. त्यावर एक किलो तेलाला १८३ ग्रॅम कॉस्टिक असे होते. मी 'खोबरेल' हा शब्द खोडून त्या जागी 'मोहाचे तेल' असे लिहिले. आकडा तसाच ठेवला. वीस किलोच्या घाण्याला तीन किलो ६६० ग्रॅम. खाली बेरीज जुळवली, सही केली, शिक्का मारला. तेलाचे नाव बदलले म्हणून आकडा बदलायला हवा, हे माझ्या डोक्यातही आले नाही. माझ्या लेखी तेल ते तेल.

दिवाळीनंतर पहिला घाणा निघाला. वड्या पिवळसर होत्या, पण कडक. चार-आठ दिवसांत त्यांच्यावर पांढरी पूड फुलून आली. ती बघून मी खूश झालो. म्हटले, साबण आपोआप उजळतोय! दोन वड्या घरीही आणल्या. महिन्याभराने मी तपासणीला गेलो, तर बाया हात पदराआड लपवू लागल्या. आग्रह केल्यावर एकीने हात पुढे केले. बोटांची साले निघालेली, पेरांना भेगा, काही ठिकाणी मांस लाल दिसत होते. बाजारातल्या गिऱ्हाइकांनी वड्या परत आणून टाकल्या होत्या. 'थंडीनं असं,' असे म्हणून त्या मलाच धीर देत होत्या.

त्यांच्यात एक म्हातारी होती. सगळे तिला आजी म्हणत, मीही म्हणू लागलो होतो. तिने वडीचा कपरा काढला, जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकून टाकला.

"सायेब, जीभ चावतीय," ती म्हणाली. "पापडात खार ज्यादा झाला की अशीच जीभ सोलती. ह्ये तेल एवढा खार पीत न्हाई."

मी म्हटले, "आजी, प्रमाण बरोबर आहे. कागदावर लिहिलेलं आहे."

"तुमी कागदावर लिव्हलं," ती म्हणाली, "पर तेलाला कुठं वाचता येतंय?"

प्रत्येक तेलाचा आपला आकडा

त्या रविवारी मी ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो आणि वड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी मला बसवून एखाद्या अकरावीच्या मुलाला शिकवावे तसे शिकवले. त्यातले जे माझ्या डोक्यात उतरले ते इथे देतो.

कुठलेही तेल किंवा चरबी म्हणजे एका ग्लिसरिनच्या कण्याला लटकलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. हे कोडे फ्रान्सच्या शेव्हरल यांनी उलगडले आणि १८२३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे ते १०२ वर्षे जगले. तेलात कॉस्टिक मिसळले की या तिन्ही साखळ्या कण्यापासून तुटतात आणि प्रत्येकीच्या टोकाला सोडियम येऊन बसतो. त्या झाल्या साबणाच्या साखळ्या. कणा मोकळा होतो, ते ग्लिसरिन. तेलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ते मिळते. म्हणजे साबण ही मिसळण नव्हे, ती एक मोजून केलेली अदलाबदल आहे. जेवढ्या साखळ्या तेवढेच सोडियम. एक कमी नाही, एक जास्त नाही.

आता खोबरेलातल्या साखळ्या आखूड. तिच्यातले निम्म्याच्या आसपास मेदाम्ल लॉरिक, बारा कार्बनचे. मोहाच्या तेलातल्या साखळ्या लांब, सोळा आणि अठरा कार्बनच्या. त्यात ओलेइक चाळीस ते पन्नास टक्के, बाकीत मुख्यतः स्टिअरिक आणि पामिटिक. एका पोत्यात लहान लिंबे भरा आणि तेवढ्याच वजनाची मोठी संत्री भरा. लिंबांची संख्या जास्त भरणार. तसेच एक किलो खोबरेलात साखळ्यांची संख्या जास्त, म्हणून तिला कॉस्टिक जास्त लागते, सुमारे १८३ ग्रॅम. एक किलो मोहाच्या तेलाला लागते सुमारे १३६ ग्रॅम. प्रत्येक तेलाचा असा आपला आकडा असतो, त्याला साबणीकरण अंक म्हणतात. तो प्रयोगशाळेत काढता येतो, पुस्तकातही सापडतो.

मी तिथेच कागदावर हिशेब केला. वीस किलोला हवे होते दोन किलो ७२० ग्रॅम. मी लिहिले होते तीन किलो ६६०. प्रत्येक घाण्यात ९४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ किलोभर कॉस्टिक कामाविना उरत होते. ते वडीत बसून वाट बघत होते, आणि ओला हात लागला की कातडी खात होते. वडीवर फुललेली पांढरी पूडही त्याचीच करामत. हवेतला कर्बवायू घेऊन त्याचा धुण्याचा सोडा होत होता. ज्याला मी उजळणे समजत होतो, तो माझ्या चुकीचा लेखी पुरावा होता.

"कसलेले कारागीर हिशेबापेक्षाही पाच टक्के कॉस्टिक कमीच टाकतात," प्राध्यापक म्हणाले. "थोडं तेल उरलं तर कातडीचं भलंच होतं. खार उरला तर होत नाही."

साबण फेकून द्यायची मात्र गरज नव्हती. वड्या किसून, पाणी घालून पुन्हा कढवायच्या आणि उरलेल्या खाराला पुरेल एवढे तेल त्यात घालायचे. वीस किलोच्या घाण्याला आणखी सात किलो. पण ते सात किलो आणायचे कुठून? कर्जाचा दुसरा हप्ता वरून मंजूर होऊन यायला सहा आठवडे लागले. कारणाच्या रकान्यात मी 'कच्च्या मालाची टंचाई' असे लिहिले. 'अधिकाऱ्याची चूक' असा रकाना त्या अर्जात नव्हता. तोवर दोघी गट सोडून गेल्या होत्या. एकीचे हात बरे व्हायला उन्हाळा उजाडला, आणि त्या दोन महिन्यांत तिला निंदणीला, वेचणीला कुणी बोलावले नाही.

फेस आणि मळ

दुरुस्त केलेला साबण खरोखर चांगला झाला. आजीने कपरा जिभेला लावला आणि नुसती मान हलवली. तरीही बाजारात तो उचलला गेला नाही. का, ते समजायला साबण काम कसा करतो हे बघावे लागेल.

साबणाची साखळी म्हणजे काडेपेटीतली काडी समजा. गुलाच्या टोकाला सोडियम, त्याला पाणी आवडते. बाकी लांबलचक काडी तेलाच्या जातीची, तिला पाण्याचा तिटकारा. अशी काडी पाण्यात पडली की पृष्ठभागावर येऊन उभी राहते, डोके पाण्यात आणि शेपूट बाहेर. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, त्यामुळेच थेंब गोल राहतो आणि तेलकट कापडावरून ओघळून जातो. साबणाने हा ताण निम्म्याहून खाली येतो, पाणी 'ओले' होते आणि धाग्यात शिरते. पृष्ठभाग भरला की उरलेल्या काड्या पाण्याच्या आत रिंगण धरतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. तेलकट मळ या रिंगणात अडकतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. असे दुतोंडी वागणारे जे पदार्थ, त्यांना शास्त्रात पृष्ठसक्रिय म्हणतात. साबण हा त्यांच्यातला सगळ्यांत जुना.

हा पृष्ठताण नीट मोजायची रीत जिने काढली ती कुणी प्रोफेसर नव्हती. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची ॲग्नेस पॉकेल्स घरची धुणीभांडी करणारी मुलगी. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग कसा पसरतो हे बघता बघता तिने पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन, वर पट्टी सरकवून मापे घेतली. वर्षानुवर्षे घेतली. अखेर इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले, आणि त्यांनी ते १८९१ साली 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात छापून आणले. तिच्या त्या डब्याच्या धर्तीवर पुढे काम करणाऱ्या लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल मिळाले. ही हकिकत मी पुष्कळ पुढे वाचली, तेव्हा मला जिभेला साबण लावणारी आजी आठवली. तिला पत्र लिहायला कुणी रॅले नव्हता. होतो तो मी, आणि मी तिला कागद दाखवत होतो.

तर, बाजार. गिऱ्हाईक साबण पारखते ते फेसावरून. आखूड साखळीचे लॉरिक भराभर फेस देते, म्हणून अंघोळीच्या साबणात खोबरेलासारख्या तेलाचा वाटा ठेवतात. मोहाच्या लांब साखळ्या मळ चांगला धरतात, पण त्यांचा फेस बारीक, साईसारखा आणि सावकाश येणारा. फेस म्हणजे सफाई नव्हे, पण हे बाजारच्या गर्दीत कुणाला समजावणार? त्यात आमच्याकडच्या बोअरचे पाणी जड. डाळ शिजायची नाही असे पाणी. जड पाण्यातले कॅल्शियम साबणातल्या सोडियमला उठवून त्याच्या जागी बसते. मग दूध फाटावे तसा साबण फाटतो, पाण्यावर पांढरे कण तरंगतात आणि कपड्याला चिकटतात. आधी हे कॅल्शियम फिटेल एवढा साबण खर्ची घालायचा, मग उरलेल्याने धुवायचे. ओढ्याच्या पाण्यावर आमचा साबण छान चाले. बोअरवर हार खाई.

आणि समोर उभी होती डिटर्जंट पावडर. १९५९ साली सर्फ आले, १९६९ पासून अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली, आणि आमच्या काळापर्यंत ती पिवळी पावडर किनवटच्या वाड्यातांड्यांवर पोचली होती. तिच्यातला पृष्ठसक्रिय पदार्थ खनिज तेलापासून केलेला, जड पाण्यात साबणासारखा न फाटणारा. पोते भरून आलेल्या त्या स्वस्त पावडरीपुढे सहा बायांची भट्टी किती टिकणार?

झाडाखालचा हिशेब

एका अर्थाने मोठ्या कारखानदारांनाही मोहाची गरज होतीच. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. पण देशात खाण्याचेच तेल पुरत नसताना ते साबणात कसे घालणार? बाहेरून आणलेल्या चरबीवर भागवले जाई, तर १९८३ साली वनस्पती तुपातल्या चरबीच्या भेसळीने देशभर गहजब झाला आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. म्हणून मोह, करंज, कडुनिंब, साल अशा जंगलातल्या तेलांकडे साबणवाल्यांचे डोळे लागले. सरकारनेही त्यांच्या वापराला अबकारी करात सूट दिली. टोळी मागितली जात होती, पण पोत्याच्या भावाने.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या बाया भट्टी लावत होत्या त्याच दशकात, १९८० साली, मुंबईत काही तरुण मित्रांनी पृष्ठसक्रिय पदार्थांचाच धंदा सुरू केला होता. तारापूर आणि तळोजा इथे कारखाने काढून, मेदाम्लांपासून आणि त्यांच्या अल्कोहोलांपासून शांपू, टूथपेस्टला लागणारा माल ते करू लागले. ती गॅलॅक्सी सरफॅक्टंट्स कंपनी २०१८ साली शेअर बाजारात आली. तिथेही शेवटी तीच साखळी, तेच डोके आणि तीच शेपटी. त्यांच्याकडे रसायनशास्त्र होते आणि प्रयोगशाळा होती. बायांकडे टोळी होती, कष्ट होते आणि माझ्यासारखा हिशेबनीस होता.

दोन हंगामांत भट्टी बंद पडली. गंमत अशी की कर्जे मात्र फिटली. कुणी तेल विकून, कुणी सागाच्या रोपवाटिकेत रोजंदारी करून हप्ते भरले. १९९० साली दहा हजारांपर्यंतच्या ग्रामीण थकबाकीला माफी मिळाली, तेव्हा या बायांच्या वाट्याला काही आले नाही, कारण त्या थकलेल्याच नव्हत्या. माझ्या शाखेच्या वह्यांत त्या योजनेपुढे 'वसुली शंभर टक्के' अशी नोंद झाली आणि वरून मला शाबासकीचे पत्र आले. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. सोललेल्या हातांची नोंद कुठेच झाली नाही. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यात कितीतरी खोट्या माणसांची दुःखे रंगवली. या खऱ्या बायांवर एक ओळ लिहायचे धाडस झाले नाही.

मध्यंतरी निवृत्तीनंतर किनवटला गेलो. आता गाडी ब्रॉडगेजवरून जाते. २०१३-१४ पासून मोहाच्या बीलाही केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत जागा मिळाली आहे. ही चांगली गोष्ट आहे. त्या गावी पोचलो तेव्हा आजी नव्हती, ते अपेक्षितच होते. तिच्या सुनेने ओळखले. पूर्वी पदराआड हात लपवणाऱ्यांत ती होती. मी त्या हातांकडे बघतोय हे तिच्या लक्षात आले असावे. तिने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले आणि हसून म्हणाली, "बरे झाले की सायेब, कवाच."

निघताना तिने घरच्या तेलाची एक बाटली दिली. जानेवारीचे दिवस होते, तेल थिजलेले होते. नांदेडला येईपर्यंत डब्यातल्या उन्हाने ते पातळ झाले. घरी येऊन मी वजनकाट्यावर ते मोजले. अर्धा किलो भरले. सवयीने पेन्सिल घेतली आणि कागदावर लिहिले, ६८ ग्रॅम. मग त्यातून पाच टक्के वजा केले. या वेळी आकडा बरोबर होता.